आईनं पाळलेलं ग्रहण

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारी सूर्यग्रहण होतं. कळव्याच्या चाळीतल्या आमच्या खोलीची एकुलती खिडकी आईनं जाड चादर लावून बंद केली होती. तिला पाचवा महिना होता आणि पोटात मी होते. शेजारच्या काकूंनी सकाळीच बजावून ठेवलं होतं: ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत चिरायचं नाही, शिवायचं नाही, काही मुरडायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, पाय दुमडायचे नाहीत. बाळाचा ओठ फाटतो, कान तुटका होतो. आई भिंतीला टेकून, पाय सरळ पसरून, मांडीवर हात ठेवून बसून राहिली. पिंढरीला गोळा आला तरी तिनं पाय वाकवला नाही.

बाबा फर्स्ट शिफ्टला होते. शिफ्ट सुटल्यावर ओस पडलेल्या बेलापूर रोडनं सायकल मारत भर ग्रहणात घरी आले. आई उठली नाही, काकूंनी दार उघडलं. ग्रहण सुटल्यावर आईनं डोक्यावरून अंघोळ केली, घर पुसून घेतलं, भरून ठेवलेलं पाणी ओतून दिलं. मग मोरीत बसून बाबांचे कंपनीचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले आणि रोजच्यासारखे हातानं चोळून धुतले.

ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे. आई ती माझ्या धड कानांचं आणि अखंड ओठांचं श्रेय म्हणून सांगते. कपडे धुतल्याचा भाग ती सहज, शेवटी सांगायची, दिवस संपला हे कळावं म्हणून. गेली काही वर्षं मला ती गोष्ट त्याच भागापासून ऐकू येते.

बाबांच्या कंपनीत काय बनतं असं विचारलं की ते म्हणायचे, "प्लास्टिक मऊ करायचं तेल." आम्हा मुलांना एवढं पुरे होतं. ठाणे-बेलापूर पट्टीत तेव्हा घरोघरी कुणी ना कुणी अशा कंपनीत असायचं. कुणाच्या अंगाला रंगाचा वास, कुणाच्या औषधाचा, कुणाच्या डोळ्यांना कायमची लाली. बाबांच्या खाकी कपड्यांवर तेलाचे गडद डाग असायचे. साबणानं ते फिके व्हायचे पण जायचे नाहीत. आई ती बादली दुसऱ्या कशालाही वापरत नसे. "कंपनीच्या कपड्यांची बादली" असंच तिचं नाव होतं. एकदा बाबांनी ते तेल छोट्या बाटलीत आणलं होतं, दाराच्या बिजागरीला. पाण्यासारखं निर्मळ, जवळजवळ बिनवासाचं.

मी आज रसायनशास्त्र शिकवते. ऐरोलीला राहते आणि ठाण्यातल्या ज्युनिअर कॉलेजात जाते. आम्ल अधिक अल्कोहोल, त्यापासून एस्टर अधिक पाणी, हे समीकरण दरवर्षी फळ्यावर लिहिते. थॅलिक अनहायड्राइड आणि लांब साखळीचं अल्कोहोल घेतलं की जे एस्टर मिळतं ते थॅलेट. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपसारखं. त्याचा रेनकोट, रेक्झीन, टेबलक्लॉथ करायचा तर त्यात थॅलेट मिसळावं लागतं. ते मिसळतं, पण पीव्हीसीशी रासायनिक बंधानं जोडलं जात नाही, म्हणून सावकाश बाहेर येत राहतं. जुना टेबलक्लॉथ कडक होऊन चिरतो, रेनकोट घडीवर तडकतो, तेव्हा त्यातलं हे तेल निघून गेलेलं असतं. कुठं जातं? हवेत, घरातल्या धुळीत, तेलकट अन्नात, हातांवर. कितीतरी वर्षं मी हे एस्टर शिकवत होते आणि त्या समीकरणाच्या उजव्या बाजूला आमची बादली उभी आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं भावामुळे. पुढचं मी त्याची आणि भावजयीची परवानगी घेऊन लिहिते आहे.

भाऊ १९८४ चा. जन्मला तेव्हा त्याचे दोन्ही अंडकोश खाली उतरलेले नव्हते. "उतरतील हळूहळू" म्हणत सगळे थांबले आणि तो सहा वर्षांचा झाल्यावर ऑपरेशन झालं. हल्ली हे ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाच्या आत करायला सांगतात, कारण पोटातल्या उबेत अंडकोशातल्या पेशी खराब होत जातात. तेव्हा चाळीत कुणाला हे ठाऊक नव्हतं. मोठा झाल्यावर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. २०११ मध्ये त्याचं लग्न झालं. दोन वर्षांनी नातेवाइकांचे प्रश्न सुरू झाले, आणि सगळे भावजयीला. तिनं सोळा सोमवार केले, टिटवाळ्याला खेटे घातले, सोनोग्राफ्या करून घेतल्या, काढे प्यायली, कुणाच्या तरी सांगण्यावरून भात सोडला. चार वर्षं. आमच्यापैकी कुणीही, मीही, भावाला "तू तपासून घे" असं ठामपणे म्हटलं नाही. २०१७ मध्ये एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. भावाच्या वीर्यात एका मिलिलिटरला चाळीस लाख शुक्राणू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या तक्त्यात खालची हद्द दीड कोटीची होती. डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर उचलून पहिला प्रश्न विचारला: "लहानपणी काही ऑपरेशन झालं होतं का?"

त्या एका प्रश्नानं मी वाचायला बसले, आणि पहिल्यांदा वाचून जे समजलं त्यानं कित्येक दिवस झोप लागली नाही.

कुठलाही हार्मोन शरीरात किती थोडा असतो हे सांगायला मला आपल्या स्वयंपाकघरातलं विरजणच आठवतं. पातेलंभर कोमट दुधाला चमचाभर विरजण लागतं. ते लावलं की आपण भांडं झाकून कोपऱ्यात ठेवतो आणि मुलांना दम देतो, हात लावू नका. लागलेल्या दह्याचं पातेलं हिंदकळलं तर थोडं पाणी सुटतं, एवढंच. लागत असताना हलवलं तर ते दही पुन्हा नीट लागत नाही, नंतर कितीही वेळ स्थिर ठेवलं तरी. गर्भाचं तसंच आहे. अंडकोश, बीजकोश, गर्भाशय, मेंदूतला पुढे पाळी सुरू करणारा भाग, हे सगळं हार्मोनच्या अतिसूक्ष्म निरोपांवर घडतं, आणि प्रत्येकाचा लागण्याचा काळ ठरलेला असतो. त्या काळात हार्मोनसारखं दिसणारं किंवा हार्मोनची वाट अडवणारं दुसरं रसायन आलं, तर जन्मताना बाळ दिसायला धडधाकट असूनही त्याची खूण राहू शकते. ती दिसते वीस-तीस वर्षांनी, त्या माणसाला स्वतःचं मूल हवं असतं तेव्हा. अशा रसायनांना अंतःस्रावात ढवळाढवळ करणारी रसायनं म्हणतात. इंग्रजीत त्यांना एक नाव मिळालं १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थिओ कोलबॉर्न या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी भरवलेल्या एका बैठकीत. पंचमहासरोवरांतल्या पक्ष्यांची आणि माशांची पिल्लं का टिकत नाहीत, हे शोधता शोधता त्या तिथवर पोचल्या होत्या.

मुलाचे अवयव पुरुषाचे म्हणून घडण्याचा निर्णायक काळ गर्भाच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात येतो. उंदरांवरच्या प्रयोगांतून तो आधी कळला आणि त्यावरून माणसाचा बांधला गेला. त्या दिवसांत टेस्टोस्टेरॉन हा पुरुष-हार्मोन कमी पडला तर अंडकोश न उतरणं, मूत्रमार्गाचं तोंड खालच्या बाजूला येणं, पुढे शुक्राणू कमी असणं, हे सगळं एकाच मुळाचं असू शकतं, असं डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी २००१ मध्ये मांडलं. काही थॅलेट्स उंदराच्या नर गर्भात नेमकं हेच करतात, टेस्टोस्टेरॉन कमी पाडतात. अमेरिकेत शॅना स्वान यांनी २००५ मध्ये माणसांत पाहिलं: गरोदरपणी ज्यांच्या लघवीत काही थॅलेट्सचे अंश जास्त होते त्यांच्या मुलग्यांत, जन्मापूर्वी टेस्टोस्टेरॉन कमी मिळाल्याची जी शारीरिक खूण प्राण्यांत दिसते, ती दिसली. पुढच्या काही अभ्यासांत ती ठळक दिसली, काहींत फिकी.

आठवा ते चौदावा आठवडा. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी कुणाला सांगत नाहीत. सासू-सासऱ्यांना, फार तर माहेरी. नजर लागू नये म्हणून. मग पाचव्या महिन्यापासून लाड, सातव्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा. आपला सगळा जपणुकीचा सोहळा सुरू होतो तोवर ते विरजण बरंचसं लागून गेलेलं असतं. आईला भावाच्या वेळी दिवस राहिल्याचं कळलं तेच अडीच महिन्यांनी. तोवर रोज संध्याकाळी ती बादली.

आणि मुलींचं तर त्याहून विलक्षण. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या इवल्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. आयुष्यातली सर्वांत जास्त. त्यानंतर ती घटतच जातात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. नवीन फारशी बनतच नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं आणि हिशेब केला. १६ फेब्रुवारीला आईला पाचवा महिना होता. म्हणजे चादर लावलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत मी होते, माझी साठ-सत्तर लाख बीजं होती, आणि त्यांतलंच एक २०१२ मध्ये माझी लेक होणार होतं.

लेक आठ वर्षं चार महिन्यांची असताना, लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी, मला म्हणाली, "आई, इथं गाठ आलीय, दुखतंय." डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगितला. हाडांचं वय मोजतात त्यावरून. ते दीड वर्षानं पुढे होतं. आठच्या आत लक्षणं दिसली असती तर अकाली म्हटलं असतं, ही सीमेवर आहे, वाट पाहू, असं ते म्हणाले. पाळी थांबवून धरणारी इंजेक्शनं असतात, ती लागली नाहीत. पाचवीत, दहाव्या वर्षी तिला पाळी आली. माझी साडेबाराव्या वर्षी आली होती, आईची चौदाव्या. आता यात खाणंपिणं सुधारलं हेही आहे, लॉकडाऊनमध्ये घरी बसून वाढलेलं वजन आहे, गेलेली झोप आहे. त्या काळात मुली लवकर वयात येत असल्याचं इटलीपासून अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. पण शाळेच्या स्वच्छतागृहात घाबरून रडत बसलेली दहा वर्षांची मुलगी आणायला जाताना आईच्या मनात आलेखाच्या रेषा नसतात. रिक्षात मी तिचा हात धरून बसले होते आणि ती विचारत होती, "माझ्याच वर्गात मलाच का?"

२०२३ च्या एका रविवारी मी कळव्याला आईकडे मेथी निवडत बसले होते आणि हे सगळं तिला सांगत सुटले. शिकवायची सवय. निर्णायक काळ, आठवडे, थॅलेट, बीजं. मला वाटत होतं मी भावजयीची बाजू मांडतेय: बघ, तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तर कधीच ठरून गेलं होतं. आई देठ मोडत होती. काही बोलली नाही. मला वाटलं, तिला कंटाळा आला.

तीन दिवसांनी पहाटे तिचा फोन. झोप नव्हती झाली, आवाजावरून कळत होतं. म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या बाबांचे कपडे धुवायचे, म्हणून त्याचं असं झालं का गं?"

एका बाईच्या डोक्यावरची पाटी मी उतरवली आणि दुसरीच्या डोक्यावर ठेवली होती. तीही माझ्या आईच्या, सत्तरीला टेकलेल्या, जिनं ग्रहणात पाय वाकवला नव्हता. त्या पहाटे मला माझीच एवढी लाज वाटली की मी सकाळची पहिली दोन लेक्चर्स बदलून घेऊन कळव्याला गेले.

मी तिला बोस्टनच्या गोष्टीपासून सांगायला सुरुवात केली. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये स्त्री-हार्मोनसारखं काम करणारं एक औषध प्रयोगशाळेत बनवलं, डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. त्याचं पेटंट घेतलं नव्हतं, त्यामुळे कितीतरी कंपन्या ते बनवू लागल्या. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेतले डॉक्टर गरोदर बायकांना ते देऊ लागले. १९५३ मध्येच शिकागोतल्या मोठ्या चाचणीत दिसलं की त्याचा काही उपयोग होत नाही. तरी देणं चालूच राहिलं. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी बोस्टनच्या डॉक्टरांकडे कोवळ्या तरुणी येऊ लागल्या, योनीमार्गाच्या अशा कर्करोगानं, जो त्या वयात जवळजवळ दिसतच नसे. डॉक्टर कारण शोधत होते. तेव्हा त्यांतल्या एका मुलीच्या आईनंच विचारलं: मी गरोदरपणी ती गोळी घेतली होती, त्यामुळे तर नाही ना? डॉक्टरांनी मग इतर आयांना विचारलं. ८ मुलींपैकी ७ जणींच्या आयांनी गोळी घेतली होती. तुलनेसाठी घेतलेल्या ३२ जणींपैकी एकीनंही नाही. एप्रिल १९७१ मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी सरकारनं गरोदर बायकांना ती देऊ नका म्हणून सांगितलं. पुढे कळलं, कर्करोग थोड्यांना झाला, पण पुष्कळ मुलींच्या गर्भाशयाचा आकारच वेगळा घडला होता. दिवस राहायला त्रास, राहिले तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं. मुलग्यांपैकी काहींचे अंडकोश उतरले नव्हते.

गर्भाशयातली वार म्हणजे भिंत, आईकडून बाळाला वाईट काही पोचू देत नाही, असं तोवर पुष्कळ डॉक्टर धरून चालत. ती समजूत मोडायला एका आईचा प्रश्न कारणी लागला. आईनं मला फोनवर विचारलेलाच प्रश्न.

आई ऐकत होती. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "पण गोळी काही त्या बाईनं बनवली नव्हती."

"नाही."

"आणि डॉक्टरनंच दिली होती."

"हो."

ती उठली आणि चहा टाकायला गेली. आतून तिचा आवाज आला, "आमच्याकडे डीडीटीवाले यायचे." आईचं माहेर पेणजवळचं. १९५३ पासून देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली होती. पाठीला पंप लावलेली माणसं येऊन घराच्या भिंतींवर आतून फवारा मारायची आणि दारावर तारीख लिहून जायची. भिंतीला पांढरी भुकटी चढायची. पोरं त्यावर बोटांनी चित्रं काढायची. त्या फवाऱ्यानं असंख्य जीव वाचले, आईचे धाकटे काका तापानं गेले होते तसे पुढे कुणी गेले नाहीत, हे ती आवर्जून सांगते आणि ते खरंच आहे. १९८९ मध्ये शेतीत डीडीटी बंद झालं, हिवतापासाठी राहिलं. पेणपासून लांब नाही अशा रसायनीला सरकारी कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनलं. मी आईला तेव्हा सांगितलं नाही ते इथं लिहिते. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ दरम्यान हजारो गरोदर बायकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं, त्यांच्या मुली शोधल्या, मग नाती. २०२१ मध्ये त्यांनी मांडलं की आजीच्या रक्तात एका प्रकारचं डीडीटी जास्त असेल तर नातीला लवकर पाळी येण्याचं आणि वजन वाढण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. आजीपासून नातीपर्यंत. मी ते वाचलं तेव्हा लेक शेजारी बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती.

आमच्या घराबद्दल मला ठाम काही म्हणता येत नाही, आणि म्हणायचंही नाही. डीडीटी चरबीत वर्षानुवर्षं राहतं, शोधलं तर सापडतं. थॅलेट मात्र एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. आज भावाच्या शरीरात १९८४ चा साक्षीदार शोधून काही उपयोग नाही. न उतरलेल्या अंडकोशाला इतर कारणंही असतात: अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, घराण्यातलं काही. पश्चिमेकडच्या पुरुषांत १९७३ ते २०११ दरम्यान शुक्राणूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, हे २०१७ मध्ये १८५ अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं, पण त्या घसरणीतला किती वाटा रसायनांचा, किती वजनाचा, तंबाखूचा, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत. आपल्याकडचं म्हणायचं तर केरळातलं कासारगोड. तिथल्या काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांना तिथले मुलगे उशिरा वयात येताना दिसले, २००३ मध्ये त्यांनी ते छापलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घालेपर्यंत बाकी देशात ते चालूच होतं. पुराव्याला एवढे अभ्यास लागतात, आणि तोवर दोन पिढ्यांची मुलं जन्मून मोठी होतात.

म्हणून मला राग येतो तो गरोदर बायकांना वाटल्या जाणाऱ्या याद्यांचा. हे खाऊ नका, हे लावू नका, प्लास्टिकला हात लावू नका, नेलपॉलिश नको, अत्तर नको, घरातली धूळ रोज ओल्या फडक्यानं पुसा (तीही तिनंच). त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. मीही पाळते. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात घालत नाही, मायक्रोवेव्हमध्ये काचेचंच भांडं, दुकानातली गुळगुळीत पावती लेकीच्या हातात देत नाही, कारण त्या कागदावर बहुधा बिस्फेनॉल या हार्मोनसारखं वागणाऱ्या रसायनाचा लेप असतो. पण सगळंच प्लास्टिक सारखं नसतं आणि ते ओळखायचं काम बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईचं नव्हे. डब्यावर लिहिलेलं नसेल तर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मलाही ते नजरेनं ओळखता येत नाही.

लेकीच्या बारशाला कुणीतरी दुधाच्या बाटल्यांचा संच दिला होता. टणक, काचेसारख्या पारदर्शक, पॉलिकार्बोनेटच्या. मी त्या रोज वीस मिनिटं उकळायचे. जंतू राहू नयेत म्हणून घड्याळ लावून. पॉलिकार्बोनेट बनतं बिस्फेनॉल ए (बीपीए) पासून, आणि जितकी उष्णता तितकं ते जास्त सुटतं. डीईएस बनवणाऱ्या त्याच डॉड्स यांनी १९३६ मध्येच तपासून ठेवलं होतं की बिस्फेनॉल ए शरीरात स्त्री-हार्मोनसारखं वागतं. हे छापलेलं होतं. त्यानंतर वीसेक वर्षांनी त्याचं प्लास्टिक आलं, मग बाटल्या आल्या. युरोपनं बाळांच्या बाटल्यांत ते २०११ मध्ये बंद केलं, अमेरिकेनं २०१२ मध्ये. आपल्याकडे २०१५ च्या सुधारित मानकात मज्जाव झाला. माझी लेक २०१२ ची. त्या बाटल्या टाकल्या तेव्हा ती तीन वर्षांची होऊन बाटली सुटलीही होती. आता "बीपीए-फ्री" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं. त्यातल्या काहींत बीपीएच्या जागी त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल एस घातलेला असतो आणि तोही तसाच वागतो असं दिसून येतंय. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्या मानकात थॅलेट्सवर मर्यादा आहे. हे एक काम चांगलं झालं. हे वरून होतं तेव्हाच होतं. दुकानात न आलेली वस्तू कुठल्याही आईला टाळावी लागत नाही.

आणि कपडे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगारांना हातपाय धुण्याची सोय द्यावी असं कलम होतं. त्याच्या पुढच्याच कलमात, कामावर न घालायचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा देण्याचे नियम राज्य सरकार करू शकेल अशी तरतूद होती. बाबांना हे कधी माहीत नव्हतं. त्यांना कामाचे कपडे कंपनीतच बदलून, धुवायला तिथंच टाकून, स्वच्छ होऊन घरी यायला मिळालं असतं, तर ती बादली आमच्या मोरीत आलीच नसती. भाऊ तरीही तसाच जन्मला असता का? असेलही. पण आईनं पहाटे फोन केला नसता. बाबा २०१६ मध्ये गेले. भावाचा रिपोर्ट त्यांना पाहावा लागला नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

पट्टी आता बदलली आहे. कितीतरी कंपन्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तरी ऐरोलीत हिवाळ्यात रात्री दोन-अडीचला कधीतरी असा वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सगळे विचारतात, तुम्हाला आला का? खाडीवर रोहित पक्षी येतात, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, लोक होडीतून बघायला जातात. मीही लेकीला नेलं. शेजारी बसलेली एक गरोदर मुलगी कठड्याला धरून त्यांच्याकडे बघत हसत होती. तिला कितवा महिना असेल याचा हिशेब माझ्या मनात आपोआप सुरू झाला आणि मी तो प्रयत्नानं थांबवला. तिला मी काय सांगणार होते?

भावाचे आणि भावजयीचे दोन आयव्हीएफ झाले, २०१९ नंतर ते थांबले. आता सुटीत लेक त्यांच्याकडेच असते. नातेवाइकांचा तोच जुना प्रश्न भावजयीला परवा पुन्हा कुणीतरी विचारला, तेव्हा भाऊच म्हणाला, "प्रॉब्लेम माझ्यात आहे, जन्मापासून." अख्ख्या पंगतीसमोर. मला त्याच्याबद्दल इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

२०२५ मध्ये ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, आई आमच्याकडे आली होती. रात्री अकराच्या पुढे चंद्र पुरता झाकायचा होता. लेक म्हणाली, आजी, चल गच्चीवर. आयुष्यात पहिल्यांदा आई ग्रहण लागलेलं असताना उघड्यावर आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर टाकून मी तिला बसवलं. ढग होते, मधूनच फट पडायची आणि तांब्याच्या रंगाचा चंद्र दिसायचा. लेकीनं तिला १९८० ची गोष्ट सांगायला लावली. खिडकीची चादर, काकू, पिंढरीतला गोळा, बाबांची सायकल. बादलीपाशी आई थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि तेही सांगितलं.

"मग मीपण होते तिथं," लेक म्हणाली. तिला बीजांचं मी शिकवलंय. "आईच्या पोटात. एवढीशी."

आईला ते उमगायला जरा वेळ लागला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग लेकीला जवळ ओढून तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून बघितली, धड आहे का ते बघावं तशी.

ग्रहण सुटायला अजून तास होता. आई म्हणाली, "घसा सुकलाय. पाणी आण गं." मी खाली जाऊन स्टीलच्या तांब्यातून आणलं, आणि ती चंद्राकडे बघत सगळं प्यायली.